घराकडची फांदी

अण्णांना उजेड दिसायचा, वस्तू दिसायच्या नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडून मिटत आली. आधी बाजूनं येणारी माणसं दिसेनाशी झाली, मग सगळं जग नळीतून पाहिल्यासारखं झालं, आणि एका हिवाळ्यात ती नळीही धुक्यानं भरली. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. अण्णा म्हणाले, "बरं." दवाखान्यातून निघून आम्ही रिक्षात बसलो, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "क्रांती चौक गेला का गं?" चौकापलीकडच्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरायचं, उलटं वाचायचं आणि ओळीत बसवायचं. संगणक आले, खिळे भंगारात गेले, अण्णा घरी बसले. पण बोटांची सवय सुटली नाही. कपाचा कान, दाराची कडी, भाकरीचा पापुद्रा, काहीही असो, आधी बोटं पुढं व्हायची आणि मग अण्णा.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी एका शाळेत कारकून आहे. लग्न केलं नाही, भाऊ पुण्यात असतो. घर दोन खोल्यांचं, पण पुढं अंगण आहे आणि अंगणात लिंब. कडुनिंब असं आम्ही कधी म्हणत नाही, आमच्याकडं तो नुसता लिंब. प्लॉट घेतला तेव्हा अण्णांनी लावलेला. आता त्याचं खोड माझ्या दोन हातांच्या कवेत मावत नाही.

नजर गेल्यावर अण्णांचा दिवस त्या झाडाखाली जाऊ लागला. सकाळी चहा झाला की मी त्यांची खुर्ची खोडापासून चार पावलांवर ठेवायची आणि शाळेत जायची. ते तिथं बसून उजेडाकडं बघत. एकदा मला म्हणाले, "मला पानं दिसत नाहीत, पण पानांच्या मधलं दिसतं. पाण्यात चुना कालवल्यावर कसं हलतं, तसं हलतंय." कधी कधी सुट्टीच्या दिवशी मीही शेजारी पायरीवर बसून डोळे मिटायची. पापण्यांवरून तांबूस, काळसर, पुन्हा तांबूस असं काहीतरी वाहत राहायचं. रस्त्यावरची भाजीवाल्याची हाक फार लांबून आल्यासारखी वाटायची. आपण अंगणात आहोत की कुठल्या तळ्याच्या बुडाशी, हे क्षणभर कळायचं नाही. अण्णांचं आता सगळं आयुष्य असंच असेल का, असा विचार मनात यायचा आणि त्याची भीती वाटायची नाही, याचंच मला नवल वाटायचं.

लिंब फाल्गुनात झडतो आणि चैत्रात तांबड्या, मऊ पालवीनं भरून येतो. त्या वर्षीही तसंच झालं. एका रविवारी अकराच्या सुमारास मी अंगणात गहू निवडत होते. अण्णा म्हणाले, "माय, झाडाला काय झालं गं?"

"काही नाही. का?"

"ऊन यायलंय तोंडावर. या वख्ताला इथं कधी ऊन येत नाही."

मी वर पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. घराकडच्या बाजूची मोठी फांदी, जी बरोबर अण्णांच्या डोक्यावरून जायची, तिला पालवी फुटलेली नव्हती. सगळं झाड तांबूस हिरवं झालं होतं आणि ती एक फांदी, तिच्या सगळ्या काटक्यांसह, आभाळावर शाईनं काढल्यासारखी काळी दिसत होती. भिंतीवरून शेजारच्या घराकडं झुकलेली दुसरी फांदी अर्धीमुर्धी फुटली होती. मला ते पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. आणि ते कशानं झालं, हे त्याच्याही आधीपासून.

"पानगळ लांबली असंल," मी म्हणाले आणि सूप घेऊन आत गेले.

झालं होतं ते असं. आदल्या वर्षी पाऊस ओसरला आणि आमच्या गल्लीत घरोघरी डेंग्यू शिरला. अण्णा दवाखान्यात सहा दिवस होते. घरी आणलं तेव्हा मनगटं इतकी बारीक झाली होती की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मी डासांचा धसकाच घेतला. अण्णा काही संध्याकाळी घरात बसायला तयार नव्हते. मग मी शाळेतून आले की लिंबाचा पाला, वाळक्या काटक्या आणि नारळाच्या शेंड्या गोळा करून धुरी करायची. वाऱ्यानं धूर विस्कटायला नको, म्हणून खोडाच्या आडोशाला, दोन मुळ्यांच्या मधल्या खोबणीत. रोज त्याच जागी. धूर अण्णांच्या खुर्चीवरून संथ वाहत जायचा आणि ते त्यात बसलेले, पांढऱ्या सदऱ्यात, अर्धे असल्यासारखे आणि अर्धे नसल्यासारखे. धुरी विझू नये म्हणून मलाही तिथंच बसावं लागे. दिवाळीपर्यंत असं चाललं.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी वारा फिरला. पाला वाळलेला होता, त्यानं एकदम पेट घेतला आणि जाळ माझ्या कमरेएवढा उठून खोडाला चाटू लागला. मी धावत जाऊन हौदातली बादली आणली, ओतली. जाळ विझला. पण सालीतून बारीक चरचर ऐकू येत राहिली, तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तशी, आणि एक कडवट, उकडलेला वास आला. मी खराट्यानं काजळी झाडली. खोड काळं पडलं होतं, बाकी साल जागच्या जागी होती. काही झालं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी धुरी बंद केली आणि त्या जागेपुढं कोरफडीच्या तीन कुंड्या आणून ठेवल्या. कुणापासून लपवत होते, तेव्हा कळलं नाही. अण्णांना तर दिसतच नव्हतं.

तो रविवार गेला. सोमवारी मी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी. जीव घाबरला. अण्णा झाडाशी उभे होते, दोन्ही तळहात खोडावर ठेवून. एक कुंडी आडवी झाली होती.

"अण्णा, पडला असता!"

"नाही पडत. ये इकडं."

ते बोटांच्या पेरांनी सालीवर टकटक करत होते. वर, खाली, डावीकडं. एका ठिकाणी आवाज भरीव यायचा, घट्ट दारावर वाजवावं तसा. चार बोटं पलीकडं तोच आवाज पोकळ व्हायचा. "ऐकलंस?" ते म्हणाले. मग नखानं एक सैल कड उचलली. तळहाताएवढा सालीचा तुकडा सहज निघून आला. खाली तपकिरी, कोरडं लाकूड होतं आणि भुसा. "इथून गेलंय," त्यांनी बोटानं एक लांब रेघ ओढली, गुडघ्यापासून छातीपर्यंत, "ते इथपर्यंत. वर ती फांदी याच अंगाची असणार."

मी हो म्हणाले. त्यांनी बोटं नाकाशी नेली, हुंगली आणि सदऱ्याला पुसली. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. माझे कान तापले होते. पन्नाशीची बाई मी, आणि शाळेच्या कपाटातून खडू चोरताना सापडलेल्या पोरीसारखी उभी होते.

भाऊ फोनवर म्हणाला, "पाडून टाक. अण्णांच्या डोक्यात फांदी पडली तर काय करशील?" शेजारी रिक्षा चालवतात. त्यांची रिक्षा त्या दुसऱ्या फांदीखाली उभी असते. ते कधी तक्रार करणाऱ्यांतले नाहीत, पण एक दिवस एक वाळकी काटकी हातात घेऊन दारात आले. म्हणाले, "बाजी, हवा छूटी तो बडी वाली भी आती देखो. बाबा वहींच बैठते ना." त्यांना रिक्षापेक्षा अण्णांची काळजी होती, हे मला जास्त लागलं. मी महापालिकेत फांद्या तोडण्याचा अर्ज दिला. बघायला आलेला माणूस वर पाहून मान हलवून गेला. परवानगी मिळाली. तिथल्या शिपायानं एका झाडवाल्याचा पत्ता दिला.

झाडवाला आला तो बायकोला घेऊन. मोटरसायकलवर दोराची दोन वेटोळी, करवत, कुऱ्हाड, कोयता. माणूस पन्नाशीचा, उन्हानं वाळलेला. बायको ठेंगणी, रुंद खांद्यांची, पदर कमरेला घट्ट खोचलेला. दोघं सोयगावकडचे. पूर्वी मेंढरं वळायचे. कळप विकला आणि शहरात येऊन झाडांची कामं करू लागले. झाडावर तो चढायचा आणि दोर ती धरायची. "वजनाला मी भारी हाय," ती हसून म्हणाली, "त्येला धरून ठिवाया बरं पडतंय."

भाऊ म्हणाला होता तेच मी सांगितलं, सगळंच पाडावं लागत असेल तर तसं सांगा, पुन्हा अर्ज करते. त्यानं झाडाभोवती एक चक्कर मारली, खाली बसला, कुंड्या बाजूला सरकवल्या. निघालेल्या सालीच्या कडेनं कोयत्याचं टोक फिरवलं. मग खोडाला दोरीनं वेढा घालून मापलं.

"पाडायचं काय काम नाय," तो म्हणाला. "अर्ध्याच्या वर साल जित्ती हाय. झाडाचं रगत सालीखालून चालतंय. ह्या अंगाचं बंद पडलं, म्हून ह्याच अंगाची फांदी मेली. बाकीचं झाड चांगलं हाय." मग मातीत बोट घालून त्यानं एक काळा खडा वर काढला. कोळसा होता. "ताई, इथं जाळ झाला व्हता का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. चेष्टा नव्हती, रागही नव्हता. जनावराच्या मालकाला विचारतात तसं त्यानं विचारलं होतं. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला.

"झाला होता. मी इथंच बसलो होतो. आम्ही दोघांनी केला."

झाडवाला "बरं" म्हणाला आणि दोर सोडायला मोटरसायकलकडं गेला. त्याची बायकोही त्याच्या मागं गेली. मी अण्णांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले.

"खोड भाजलं ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास तर धुरी सुरू झाल्यापासूनच येत होता की गं. ओलं लाकूड भाजल्याचा वास लपतो का? जाळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कुंड्या ओढल्या, त्याचाही आवाज आला."

"मग बोलला का नाही? मी धुरी दुसरीकडं केली असती. बंद केली असती."

अण्णा हाताची बोटं एकमेकांवर चोळू लागले. छापखान्यात शाई लागायची, तेव्हापासूनची सवय. मग म्हणाले, "तेच तर. बंद केली असतीस. तू धुरीपाशी तासभर बसायचीस. नाहीतर घरी आलीस की भांडे, मोबाईल, शाळेचे कागद. मला तुझी पाठच ऐकू येते सगळा वेळ. त्या महिन्यात तू बसलीस. म्हणलं, झाड मोठं हाय, सोसंल." थांबून म्हणाले, "मलाही वाटलं नव्हतं एवढं जाईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसणार नव्हतं, तरी मी तोंड फिरवलं. त्यांनी हात पुढं केला, माझं डोकं सापडलं, त्यावर ठेवला. एवढंच. मग झाडवाला दोर खांद्यावर टाकून परत आला आणि मी उठून चहा टाकला.

शेजाऱ्यांनी रिक्षा काढून गल्लीच्या टोकाला लावली. झाडवाला पायाला दोराचा फास घालून वर चढला. अण्णांची खुर्ची आम्ही दाराच्या आत, उंबऱ्यापाशी नेली. पहिल्यांदा त्यानं फांदीला खालच्या बाजूनं करवत लावली. मी विचारलं तर वरून ओरडून सांगितलं, "आधी खालून कापलं नाय तर फांदी पडताना जित्ती साल संगं सोलत नेती!" मग वरून कापायला लागला. भुसा उन्हात तरंगत खाली येत होता. खूप हळू. पिवळसर. अण्णांच्या सदऱ्यावर, पायरीवर, माझ्या पापण्यांवर बसत होता. त्याच्या बायकोनं दोर खोडाला दोन वेढे देऊन धरला होता, टाचा मातीत रुतवल्या होत्या.

"धर!"

"धरलंय!"

"सोड आता. हळू, हळू..."

फांदी कडाडली नाही. एखादं झोपलेलं माणूस खाटेवरून उचलून खाली ठेवावं, तशी ती दोरावर झुलत अंगणात उतरली. जमिनीला लागल्यावर तिच्या काटक्या एकाच वेळी मोडल्याचा आवाज तेवढा झाला. आत उंबऱ्याशी अण्णा म्हणाले, "गेली." वर आभाळाला एक मोठं भोक पडलं होतं आणि सगळ्या अंगणात पांढरं ऊन शिरलं होतं. मला अंगण ओळखीचंच वाटेना. आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी, जुन्या सुट्टीत आलो आहोत, असं काहीतरी वाटत राहिलं.

भिंतीवरच्या फांदीची वाळकी टोकं तेवढी त्यानं काढली, मूळ फांदी ठेवली. मग खाली उतरून खोडाची जखम साफ करायला बसला. मी म्हणाले, "शेणमाती लिंपू का वर? नाहीतर सिमेंट?"

"काय बी लिंपू नका. आत वल धरती, मग किडं व्हत्यात. मेंढराला जखम झाली की आमी काय करतो? भवतालची लोकर कातरतो, घाण काढतो, जखम उघडी ठिवतो. हे बी तसंच."

मेलेली साल काढून जिवंत सालीपर्यंत पोचायचं, कड साफ करायची, वर आणि खाली होडीच्या टोकासारखा आकार द्यायचा, म्हणजे पाणी थांबत नाही. पण जिवंत कुठं सुरू होतं, हे काळ्या पडलेल्या खोडावर नीट दिसत नव्हतं. तो दोन ठिकाणी चुकला. हिरवं कापलं गेलं. तो स्वतःवरच चिडला.

"मला न्या तिथं," अण्णा म्हणाले.

मी त्यांना धरून नेलं. ते खोडाशी मांडी घालून बसले. झाडवाला आधी संकोचला. "बाबा, धार हाय कोयत्याला." अण्णांनी त्याचा हात दूर केला आणि उजव्या हाताची दोन बोटं कडेवर ठेवली. बोटं सरकत गेली, थांबली, मागं आली. "इथं कोरडं. अजून अर्धं बोट घे. हां. आता थांब. इथं गार लागतंय." तो तिथंच कापायचा, आणि खाली ओली, हिरवट कड निघायची, नखाएवढी रुंद. पुन्हा बोटं पुढं. "इथं थोडं. बास. आता खाली." असं दोघांनी मिळून ती सगळी कड फिरवून काढली. अण्णांचा चेहरा मी निरखत होते. तो चेहरा मला आठवत होता. लहानपणी डबा द्यायला छापखान्यात जायचे, तेव्हा खिळ्यांच्या कप्प्यांवर वाकलेला असायचा तो. तोंड जरासं उघडं, भुवया वर, आणि मी आलेली त्यांना कळलेलंही नसायचं.

काम संपलं तेव्हा झाडवाल्याची बायको वाकून म्हणाली, "बाबा, तुमी आमच्यासंगं चला कामाला." अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

लाकूड ती दोघं घेऊन गेली. जाताना त्यानं बजावलं, उन्हाळाभर पाणी घाला, पण खोडाशी नको, हातभर लांब आळं करा. आणि पाला कधी खोडाला टेकू देऊ नका. जाळायचं तर नावच काढलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी अण्णांची खुर्ची झाडाच्या पलीकडच्या अंगाला हलवली, जिथं सावली शाबूत होती. तिथून त्यांना घराऐवजी रस्त्याचे आवाज येत. सुरुवातीला कुरकुरले, मग रमले. धुरी नाही, पण संध्याकाळी मी बसते. डासांसाठी वायर ओढून टेबलफॅन अंगणात लावते. त्याच्या वाऱ्यात अण्णांचे चार केस उडत राहतात. भांडी तशीच पडतात आत, पडू देत. त्या तासात अण्णा काय काय सांगतात. आईशी लग्न ठरलं तेव्हा ते पैठणला मावशीकडं होते आणि निरोप तीन दिवस उशिरा पोचला, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. कधी बोलत नाहीत, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं नुसते बसतो.

पावसाळा संपता संपता जखमेच्या कडेनं एक जाड वळ उठला, ओठासारखा. अण्णा दर पौर्णिमेला सकाळी बुद्धवंदना झाली की मला झाडाशी न्यायला सांगतात. बोटांनी वळ मोजतात. "तीन महिन्यांत एक गव्हाचा दाणा," असं त्यांचं माप. पूर्ण मिटायला किती वर्षं लागतील, याचा हिशोब ते करत नाहीत. मीही नाही. मधलं उघडं लाकूड आता राखी रंगाचं, कडक झालं आहे. त्यावर हात फिरवला की देवडीच्या जुन्या दगडावरून फिरवल्यासारखा गुळगुळीत लागतो.

यंदाच्या चैत्रात भिंतीवरची फांदी पुन्हा अर्धीच फुटली. मी झाडवाल्याला बोलावलं. दोघंही आली. तो वर गेला आणि एका पान नसलेल्या काटकीची साल नखानं खरवडली. खाली बघून म्हणाला, "हिरवी हाय. मेली नाय, झोपली हाय. आजून एक पावसाळा बघू."

"आणि नाहीच उठली तर?" मी विचारलं.

"तर काढू. मी काय कुठं चाललो?"

अण्णांनी खुर्चीतूनच मान हलवली. आता त्यांना उजेडही फारसा कळत नाही. सकाळ झाली का, हे मला विचारावं लागतं. पण त्या दिवशी लिंब फुललेला होता, आणि बारीक पांढरी फुलं त्यांच्या मांडीवर पडत होती. झाडवाल्याच्या बायकोनं त्यातली चिमूटभर उचलून तोंडात टाकली आणि कडू तोंड करून अण्णांच्या तळहातावरही ठेवली. अण्णांनी ती सावकाश चावली. मग त्यांनी तिला विचारलं, सोयगावकडं यंदा लिंब कसा फुललाय, आणि ती पायरीवर टेकून सांगत बसली.